शनिवारचा प्रश्नांचा तास: गावच्या शाळेत मुलांबरोबर तत्त्वज्ञान

2024-25 या शैक्षणिक वर्षात मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर शनिवारी चाळीस मिनिटांचा एक तास घेतला. गोष्ट वाचायची, मुलांनी तिच्यावर प्रश्न काढायचे, त्यातला एक मतदानाने निवडायचा आणि त्यावर सगळ्यांनी मिळून विचार करायचा, एवढाच तो तास. सुरू करताना ‘आधी इकडे जा, मग हा कागद जोडा’ असं मराठीत सांगणारं काही मला सापडलं नाही. आता ओळखीपाळखीतले दोघं-तिघं विचारू लागलेत, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते. गाव, शाळा आणि मुलं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा, नदीकाठचा, उसाचा पट्टा, एवढं पुरे.

मी शिक्षिका नाही. पुण्यात हिशेब तपासनिसाकडे नोकरी करत होते. काही वर्षांपूर्वी आम्ही सासरच्या गावी राहायला आलो आणि आता ते काम घरूनच करते. तत्त्वज्ञानाशी संबंध म्हणाल तर बी.ए.ला घेतलेला एक विषय. त्यामुळे पदवी-बिदवी नसली तर कसं, ही काळजी कुणाला असेल तर ती सोडून द्या. मला कुठल्याही टेबलावर ती कुणी विचारली नाही.

ही पद्धत माझी नाही. मॅथ्यू लिपमन नावाचे प्राध्यापक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवायचे. 1968 च्या विद्यार्थी आंदोलनाच्या धामधुमीत त्यांना वाटू लागलं की नीट विचार करायला, समोरच्याला कारणं देऊन पटवायला विसाव्या वर्षी शिकवणं म्हणजे उशीर झाला. हे दहा-अकराव्या वर्षीच सुरू व्हायला हवं. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली, वर्गात वापरून पाहिली आणि 1974 मध्ये ॲन मार्गारेट शार्प यांच्याबरोबर न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला या कामासाठी संस्था काढली. त्यांच्या विचाराचं मूळ जॉन ड्युई यांच्याकडे जातं. ड्युई म्हणजे कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे. लोकशाही ही नुसती सरकार चालवायची रीत नाही, ती एकमेकांबरोबर जगायची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात (‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’) घेतला आहे. अमेरिकेतली पद्धत गावच्या शाळेत कशाला, असं मला पुढे विचारलं गेलं, तेव्हा हा धागा फार उपयोगी पडला.

मार्च 2024 मध्ये मी मुख्याध्यापकांना पहिल्यांदा भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, “वहिनी, कल्पना चांगली आहे. पण आता आचारसंहिता लागली.” लोकसभेची निवडणूक 16 मार्चला जाहीर झाली होती. अर्धे शिक्षक मतदानाच्या प्रशिक्षणाला आणि शाळा मतदान केंद्र. नवीन काहीही जूननंतर. लोकशाहीची मूल्यं शिकवायची कल्पना निवडणुकीपायी तीन महिने पडून राहिली, याची मजा मला नंतर आली. तेव्हा नुसती चिडचिड झाली.

ते तीन महिने वाया गेले नाहीत. इंग्लंडातल्या संस्थांचे दोन दिवसांचे ऑनलाइन कोर्स असतात, पण त्यांची फी पौंडांत. ते सोडून दिलं. नेटवर फुकट मिळणारं साहित्य वाचलं, तास घेतानाचे व्हिडिओ पाहिले, आणि मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतली पोरं ओसरीवर गोळा करून सराव केला. या सरावात सगळ्यात उपयोगी ठरली ती प्रश्नांची वर्गवारी. काही प्रश्नांचं उत्तर पुस्तकात असतं, काहींचं कुणा जाणत्याला विचारलं की कळतं, काहींसाठी नुसती कल्पना लढवायची असते, आणि काही असे असतात की बसून विचार केल्याशिवाय सुटका नाही. मुलं ही वर्गवारी दोन बैठकींत पकडतात. मोठ्या माणसाला अवघड जातं ते गप्प बसणं. एखादं पोरगं बोलता बोलता अडलं की वाक्य पुरं करून द्यायला जीभ शिवशिवते. मी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायची सवय लावून घेतली. तुम्हीही लावा.

शाळा 15 जूनला सुरू झाली आणि आठवड्याभरात मी परत गेले. आता मुख्याध्यापकांच्या शंका खऱ्या होत्या. परिपाठात मुलं रोज संविधानाची उद्देशिका म्हणतात, मूल्यशिक्षणासाठी मूल्यवर्धनाचे तास आहेत, मुलांचं मंत्रिमंडळ आहे. मग हे आणखी काय? मी म्हटलं, उद्देशिकेत विचाराचं स्वातंत्र्य आहे, तेवढ्या एका शब्दाचा हा तास समजा. ते हसले. “पण तत्त्वज्ञान म्हटल्यावर लोकांना वाटणार, वहिनी कीर्तन करणार शाळेत.” मार्गही त्यांनीच सुचवला. त्याच वर्षी मार्चमध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम काढला होता, शनिवारी दप्तराचं ओझं कमी आणि कृती जास्त. अर्जाचा विषय त्याच्याखाली लिहायचा. नवीन उपक्रमाला परवानगी मागण्यापेक्षा चालू उपक्रमात मदत करू द्या असं म्हणणं कितीतरी सोपं जातं. अर्ज एका पानाचा ठेवा. कोणती इयत्ता, कोणता वार, किती मिनिटं, खर्च कोणाचा, वर्गात कोणते शिक्षक हजर राहणार. खर्चापुढे ‘शाळेवर कोणताही भार नाही’ हे वाक्य लिहायला विसरू नका. अर्ज वाचणारा ते आधी शोधतो.

मग शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती प्रत्येक सरकारी शाळेत असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. आमच्या समितीत दोन विद्यार्थीही बसतात, त्यांना मत नसतं. जूनअखेरच्या बैठकीत माझा विषय शेवटी आला, शौचालयाची दुरुस्ती आणि गणवेश झाल्यावर, तेव्हा निम्मे लोक चपला शोधत होते. एक पालक म्हणाले, “पोरं आधीच उलट बोलत्यात, त्यात तुमी आणि शिकवणार.” मी म्हटलं, उलट बोलणं आणि कारण विचारणं यातला फरकच शिकवायचाय. ते काही त्यांच्या गळी उतरलं नाही. एका आईने मार्क वाढतील का विचारलं, मी म्हटलं सांगता येत नाही. ठराव झाला, सूचक-अनुमोदक मिळाले. तीन अटी पडल्या: वर्गशिक्षक पूर्ण वेळ हजर, पक्ष आणि धर्म यांवर चर्चा नाही, मुलांचे फोटो-व्हिडिओ नाहीत. तिसरी अट मला स्वतःलाच हवी होती. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागून घ्या, कारण इतिवृत्ताची वही पुढे कुठे जाते ते देवाला ठाऊक.

ठराव, अर्ज आणि मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र घेऊन केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) तालुक्याच्या शिक्षण विभागाकडे. जुलैचा पहिला आठवडा. इथे एकच सांगते: कागद दिला की आवक क्रमांक टाकून पोहोच घ्या. माझा अर्ज मधे कुठल्याशा टेबलावर गडप झाला तेव्हा त्या क्रमांकावरच वही उघडली गेली, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि फोन करून काही होत नाही. समोर जाऊन उभं राहिलं की होतं.

जुलैच्या शेवटी पंचगंगेने इशारा पातळी ओलांडून धोक्याची 43 फुटांची पातळीही गाठली. आमच्याकडे रस्ते बंद, शाळा बंद, खालच्या गल्लीतली कुटुंबं वर सरकलेली. 2019 च्या महापुरासारखं झालं नाही, पण ऑगस्टचा पहिला पंधरवडा त्यातच गेला. पाणी ओसरलं, परवानगी आता येणार असं वाटलं, आणि बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली. शासनाने शाळांच्या सुरक्षिततेबद्दल कडक सूचना काढल्या, शाळेत येणाऱ्या प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी आली. माझं काम पुन्हा थांबलं, पण याबद्दल मला मुळीच तक्रार नाही. मुलांच्या वर्गात बाहेरचं माणूस येणार तर कसून चौकशी व्हायलाच हवी.

पडताळणीचा अर्ज पोलिसांच्या पोर्टलवर भरावा लागतो. आधार, रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, फोटो. फी सव्वाशेच्या आत. गाठ पडली ती संस्थेच्या पत्राशी: पोर्टलला शाळेचं पत्र हवं आणि शाळेला आधी दाखला हवा. शेवटी मुख्याध्यापकांनी ‘सदर व्यक्ती आमच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छिते, दाखला मिळाल्यानंतरच प्रवेश देण्यात येईल’ अशा शब्दांचं पत्र दिलं, ते चाललं. हे शब्द उतरवून घ्या, उपयोगी आहेत. ठाण्यात एकदा बोलावणं आलं, पंधरवड्यात दाखला मिळाला. सोबत एक हमीपत्र दिलं, साध्या कागदावर. स्टॅम्प लागला नाही. लेखी परवानगी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडली.

28 सप्टेंबरला पहिला तास. सहावी-सातवी मिळून एकतीस मुलं, अठरा मुलगे, तेरा मुली. बाकं भिंतीला लावून गोल करायला सांगितलं तर गोल झाला, पण अर्धा मुलग्यांचा, अर्धा मुलींचा. मी काही बोलले नाही. त्या दिवशी फक्त नियम ठरवले, मुलांनीच. डस्टर ज्याच्या हातात तोच बोलणार. हसायचं ते बोलण्याला, माणसाला नाही. बोललं नाही तरी चालतं. उशिरा येणाऱ्याने गोलाबाहेर बसायचं. हा शेवटचा नियम सातवीच्या मॉनिटरचा, आणि तो सगळ्यांत जास्त हातांनी पास झाला. नियम पांढऱ्या कार्डशीटवर लिहून भिंतीला लावले.

पुढच्या शनिवारी, 5 ऑक्टोबरला, मी चिऊ-काऊची गोष्ट घेतली. सहावी-सातवीला ही बाळबोध वाटेल असं वर्गशिक्षकांचं मत होतं. मुलंही आधी खिदळली. मग प्रश्न आले. ‘काऊनं शेणाचं घर का बांधलं?’ ‘मेणाचं घर उन्हात वितळत न्हाई का?’ (यावर विज्ञानाचा वेगळा तास होईल.) ‘चिऊला खरंच कामं होती का?’ ‘ज्याचं घर वाहून गेलं त्याला आपल्या घरात घ्यायलाच पाहिजे का?’ शेवटच्या प्रश्नाला मतं पडली. आमच्या गावात तो निवडून येणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं नंतर वर्गशिक्षक म्हणाले. मला मात्र तोच आला याचा आनंद झाला.

एक मुलगा म्हणाला, “घ्यायलाच पायजे. 2019 ला आमी मामाकडं हुतो.”

“मामा घेणारच की. मामा आपला असतोय. काऊ चिऊचा कोण?”

डस्टर फिरत मुलींच्या बाजूला गेला. कडेला बसलेली एक मुलगी, जी पहिल्या तासाला अवाक्षर बोलली नव्हती, म्हणाली, “आमी इथंच हुतो. ह्याच शाळंत. आमाला कुणी बोलवलं न्हाई.”

वर्गात कुणाला काही सुचेना. कोण कुठल्या गल्लीत राहतं आणि कुणाला कुणी घरात घेतलं नाही, हे त्या वयाच्या मुलांना चांगलं कळतं. वर्गशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, विषय बदला अशा अर्थाने. मी तिलाच विचारलं, बोलवायला हवं होतं असं तुला वाटतं का?

“बोलवलं असतं तर आमी गेलो असतो का न्हाई, काय म्हाईत. पर इचारायला पायजे हुतं.”

“त्यांच्या घरात जागा नसंल.”

“मग तसं सांगायचं. चिऊ कुठं तसं सांगती? ती म्हणती, बाळाला आंघोळ घालती, बाळाला तीट लावती.”

मग मामाकडे राहिलेला तो पहिला मुलगा सावकाश, शब्द शोधत म्हणाला, “म्हंजे चिऊनं दार उघडलं न्हाई तरी एकवेळ चालंल. पण आतनं खोटं कारण द्यायचं न्हाई.”

यावर ते पंधरा मिनिटं बोलत होते. जागा नाही म्हणून नको म्हणणं आणि तू नकोस म्हणून नको म्हणणं सारखंच का. खरं कारण सांगितलं तर समोरच्याला जास्त लागेल, मग खोटं बरं नाही का. आणि खरं कारण सांगायची लाज वाटत असेल तर त्या कारणातच काहीतरी गडबड आहे का. हे शेवटचं वाक्य सहावीतल्या मुलाचं आहे, मी फक्त बोली थोडी सरळ केली. तास संपताना भिंतीवरच्या कार्डशीटवर पाचवा नियम आला: नको म्हणायचं तर खरं कारण सांगायचं.

संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरावरून दोनदा पुढे गेले. जाऊन बोलावं का, काही बोलल्याने उलट तिला अवघड होईल का, ठरेना. शेवटी गेले नाही. पुढच्या तासाला ती गोलात आधी येऊन बसली होती. हात तिने त्यानंतरही क्वचितच वर केला.

मतदानाचा घोळ दिवाळीच्या आधीच सुरू झाला. हात वर करून मत घेतलं की मुलगे मॉनिटरकडे बघून हात वर करायचे. डोळे मिटून घेतलं तर ते थांबलं, पण अठरा विरुद्ध तेरा ते तेराच. “मतं मोजली तर आमचा प्रश्न कदीच येणार न्हाई,” एका मुलीने सरळ सांगितलं. आम्ही तो एक तास मतदान कसं घ्यावं यावरच घालवला, आणि वर्षातल्या चांगल्या तासांत तो धरते. आलटून-पालटून घ्यावं, चिठ्ठी काढावी, असं बरंच पुढे आलं. अखेर ठरलं की प्रत्येकाला तीन हरभरे द्यायचे, ते एका प्रश्नावर टाका नाहीतर वाटून टाका. ज्याला एखादा प्रश्न मनापासून हवा तो तिन्ही तिथे टाकेल. हे चाललं. एकाने मतं खाल्ली, अक्षरशः, तेव्हा नियमात ‘हरभरे कच्चे आणि मोजून’ हे शब्द वाढले. अर्धा किलो हरभऱ्यात वर्ष निघालं.

विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं. शनिवार 23 ला निकाल. बाहेर फटाके, गुलाल, आणि आत आमचा तास. पक्षांची अट माझ्या लक्षात होती, वर्गशिक्षकांच्या तर फारच. एक-दोघांनी उमेदवारांची नावं घेतली; मी म्हटलं, नाव न घेता प्रश्न होतोय का बघा. झाला: ‘हरलेल्याला ज्यांनी मत दिलं त्यांचं आता काय?’ प्रश्न उत्तम, तास साधारण. फटाक्यांपुढे कोण बोलणार.

तोवर साखर कारखाने सुरू झाले होते आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्या होत्या. काही टोळ्या मतदान करून निघाल्या, काही आधीच आल्या होत्या आणि त्यांचं मत गावाकडेच राहिलं. त्यांच्यातली सहा मुलं हंगामापुरती आमच्या वर्गात बसू लागली. उसाच्या फडात पहाटे तोड सुरू होते. मोठ्या मुलीने धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, मग शाळा. म्हणजे शनिवारच्या सकाळच्या शाळेला उशीर ठरलेला, आणि नियमाप्रमाणे ती सहाच्या सहा मुलं दर शनिवारी गोलाबाहेर.

14 डिसेंबरला त्यांच्यातल्या एका मुलीने डस्टर मागितला. भिंतीकडे बोट करून म्हणाली, “हा नियम तुमी केला तव्हा आमी नव्हतो. मग आमाला कामून?”

मॉनिटर म्हणाला, “शाळेचा नियम सगळ्यांना. आणि तुमी मार्चला जाणार.”

“सातवी एप्रिलला जाणार की,” सहावीतली एक मुलगी म्हणाली. “मग सातवीचं बी मत काढायचं का?”

“काढा!” सहावीचे मुलगे ओरडले. सातवीने गलका केला. डस्टरला कुणी विचारेना. मी दहापर्यंत मोजलं, मग आणखी दहा.

गलका निवल्यावर मॉनिटरने दुसरा मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नव्हता: उशीर म्हणजे उशीर, एकाला सूट दिली की सगळे मागणार. त्यावर चिऊ-काऊच्या दिवशी बोललेली ती मुलगी बऱ्याच आठवड्यांनी बोलली. “तू येतोस तवा तुज्या आईनं पाणी भरलेलं असतंय.” दुसऱ्याने विचारलं की नियम नक्की कशासाठी केला होता. मधेच कुणी आलं की बोलणं तुटतं, म्हणून. मग बोलणं तुटू नये हा नियम ठेवायचा की बाहेर बसवायचा? शेवटी मूळ वाक्य खोडून लिहिलं गेलं, ‘उशिरा आल्यास आवाज न करता गोलात बसायचं’. आणि नवीन आलेल्याने सांगितलं तर कुठल्याही नियमावर परत बोलायचं. मॉनिटरला पटलं नाही. त्याने कागदावर खाली लिहू का विचारलं, मी वर्गाला विचारलं, वर्ग हो म्हणाला. त्याने लिहिलं, ‘मला हे पटलेलं नाही, कारण नंतर सगळे उशिरा येतील’, आणि सही केली. तो कागद वर्षभर तसाच होता. नंतर सगळे उशिरा आले का? दोघे-तिघे येऊ लागले, खरं सांगायचं तर.

ती बीडकडची मुलगी पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. टोळी दुसऱ्या शिवारात गेली होती, शाळा लांब पडली. नियम बदलून घेतला तिने आणि त्याचा फायदा मिळाला तिच्या मागे राहिलेल्यांना. शनिवारच्या चाळीस मिनिटांत काय होतं आणि काय होत नाही, याचा हिशेब मी तिथे करून टाकला. वर्गात सगळे सारखे बसतात, घंटा झाली की पुन्हा कोपी (ऊसतोडवाल्यांची झोपडी), फड, खालची गल्ली आणि वरची गल्ली असतेच.

जानेवारीत तास बंद झाला. समितीतल्या एका सदस्यामार्फत मुख्याध्यापकांचा निरोप आला, “सध्या थांबवा.” कारण दिलं नाही. मला ते गावातून कळलं: सातवीतल्या एका मुलीने घरी विचारलं होतं की भांडी मीच का घासायची, दादाने का नाही, कारण सांगा. वडील चिडले. मला रागही आला आणि भीतीही वाटली, ती त्या मुलीसाठी. तास बंद होईल याची तेवढी नाही. तिच्या आईला भेटून आले. आई म्हणाली, “पोरगी बरोबर बोलली, पर जेवताना बोलली.”

तिसरा शनिवार रिकामा गेल्यावर मुलांनी समितीला पत्र लिहिलं. मी लिहायला सांगितलं नव्हतं. वर्गशिक्षकांनी शुद्धलेखन तपासून दिलं, हेच मला मोठं वाटलं. पत्र चार ओळींचं. तास बंद करायचा असेल तर करा, पण आमच्या वर्गाचा नियम आहे, नको म्हणायचं तर खरं कारण सांगायचं. फेब्रुवारीच्या बैठकीत समितीतल्या दोन विद्यार्थ्यांपैकी मुलीने ते वाचून दाखवलं. अध्यक्षांनी ‘कारण काय ते सांगा की’ म्हणून इकडेतिकडे पाहिलं. उघडपणे कुणी बोलेना. मग ते वडील स्वतःच उठले. “माझी तक्रार हुती. पोरीनं इचारावं, माझं काय न्हाई. पर पाव्हण्यासमोर इचारलं.” हशा झाला, तेही हसले. दोन आया बोलल्या, एकीने तास चालू ठेवा म्हटलं, दुसरीने परीक्षा जवळ आली म्हणून नको म्हटलं. शेवटी मार्चपर्यंत चालू, आणि दर आठवड्याची गोष्ट व निवडलेला प्रश्न पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं. ही अट मी सुरुवातीपासूनच पाळायला सुचवेन. पालकांना प्रश्न आधी कळला की निम्मी भीती जाते. भांडी कोण घासतं याची मी पुन्हा चौकशी केली नाही.

मार्चमध्ये केंद्रप्रमुखांनी अहवाल मागितला, ‘लाभार्थी संख्या’ आणि ‘फलनिष्पत्ती’ या रकान्यांसह. गुणवत्तेवर परिणाम काय, हा प्रश्न मला आधीपासून येत होता. इंग्लंडात याची मोजणी झाली आहे. 2015 मध्ये 48 शाळांच्या अभ्यासात वाचन आणि गणितात इतर मुलांपेक्षा सुमारे दोन महिन्यांची जास्त प्रगती दिसली. मग त्याहून मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल 2021 मध्ये आला, आणि वाचनात फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी मी अहवालात लिहिल्या. पहिलीच लिहा, असा सल्ला मिळाला होता. फलनिष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं की वर्गात ‘कारण काय?’ हे विचारणं वाढलं, मुलींचे प्रश्न निवडून येऊ लागले, आणि मुलांनी स्वतः केलेला एक नियम चर्चा करून बदलला. रकाना छोटा होता.

खर्च म्हणाल तर झेरॉक्स, कार्डशीट, मार्कर, पडताळणीची फी, तालुक्याला जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि हरभरे, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. वेळ मात्र धरून चाला: पहिल्या भेटीपासून पहिल्या तासापर्यंत मला मार्च ते सप्टेंबर लागले, त्यातले निम्मे महिने निवडणूक, पूर आणि पडताळणीचे.

परवानगी एका शैक्षणिक वर्षापुरतीच असते, ती आपोआप वाढत नाही. मुख्याध्यापकांच्या बदलीची चर्चा आहे, तेव्हा त्यांच्या सहीचं शिफारसपत्र मी आधीच घेऊन ठेवलं. नव्या वर्षाचा अर्ज एप्रिलमध्येच दिला आहे, या वेळी विषयात ‘तत्त्वज्ञान’ हा शब्दही घातला. आवक क्रमांक मिळाला आहे. शेरा अजून यायचाय.